पांडुरंग लऊळास का गेला?



माढे तालुक्यातील एका गावी सप्ताहाच्या काल्याचे कीर्तन करण्याचा योग आम्हांस गेली अकरा वर्षे येत आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण पुढे आपोआप कळेल. यंदा काला झाला, महाप्रसादाच्या पंगती उठल्या आणि सप्ताह समितीची मंडळी देवळाच्या ओट्यावर हिशेबाला बसली. वर्गणी बरी जमली होती. आचारी, मंडप, मृदंगाचार्य, गायक, सगळे भागून एक्केचाळीस हजार रुपये शिल्लक राहिले. अध्यक्षांनी वही आमच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "महाराज, आता तुम्हीच निवाडा करा." एका पक्षाचे म्हणणे असे की या पैशात आणखी भर घालून शिखराला नवा कळस बसवावा. दुसरा पक्ष म्हणे, गावात तीन मुले अशी आहेत की ज्यांचे शिकणे चारचौघांसारखे होत नाही. तालुक्याहून एक विशेष शिक्षिकाबाई आठवड्यातून एकदा येतात, पण तेवढ्याने भागत नाही. तर ही रक्कम त्यांच्यासाठी ठेवावी. "शास्त्र काय म्हणतं महाराज? पुण्य कशात जास्त?"

नारदाच्या गादीवर उभे राहिलो म्हणजे आमच्याजवळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते. त्या दिवशी नव्हते. "आधी मुले दाखवा," एवढेच आम्ही म्हणालो.

बाई त्या दिवशी गावातच होत्या. त्यांनी आम्हांस तिन्ही घरी नेले.

पहिली सात वर्षांची मुलगी. तिला ऐकू येत नाही. "हिचा आजाबी उशिराच बोलला हुता," या भरवशावर घरच्यांची तीन वर्षे गेली. नवस झाले, अंगारे झाले. नवस करू नये असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? पण बाईंनी जे सांगितले ते प्रत्येक आईबापाने पदराला गाठ मारून ठेवावे. मूल भाषा शिकते ते कानाने, आणि त्यातही पहिल्या दोनचार वर्षांत. ती वर्षे वाया गेली तर पुढे दुप्पट कष्ट पडतात. तान्ह्या मुलाच्या कानांची तपासणी करता येते. नवस करूनही तालुक्याला जाता येते. या मुलीला एका शिबिरात श्रवणयंत्र मिळाले होते. ते कोठे आहे, असे विचारता आईने देव्हाऱ्यातल्या डबीतून काढून दाखविले. त्याचे सेल आठपंधरा दिवसांत संपतात, आणि मूल वाढते तसा कानही वाढतो, म्हणून कानात बसणारा साचा बदलावा लागतो. देणाऱ्यांनी यंत्र दिले. सेल कोण देणार हे कोणी विचारले नाही. मग ते हळदकुंकू लावून ठेवण्याची वस्तू झाले.

दुसरा दहा वर्षांचा मुलगा. चौथीत आहे आणि सगळे गाव त्याला 'ढ' म्हणते. भ आणि म, घ आणि ध यांची त्याच्याकडून अदलाबदल होते. वाचताना ओळ सुटते. परंतु बापाच्या कांद्याच्या पिशव्यांचा हिशेब तो तोंडी करतो, आणि आमच्यासमोर त्याने सबंध हरिपाठ अडखळल्यावाचून म्हटला! डोळे चांगले, बुद्धी चांगली, केवळ अक्षराची आणि त्याची ओळख जमत नाही. बाई म्हणाल्या की याला अध्ययन अक्षमता म्हणतात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत हा नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत हा आहे. अशा मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. आमच्या पाठशाळेत आमच्याबरोबर एक विद्यार्थी होता. रघुवंशाचे सर्ग त्याला ऐकून पाठ होत, पण पोथी समोर धरली की त्याची वाचा बसे. गुरुजींनी त्याच्या पाठीवर वेताच्या किती छड्या मोडल्या! तो पळून गेला. पुढे त्याचे काय झाले कोणास ठाऊक. आज साठी उलटल्यावर त्याची आठवण येते.

तिसरे घर गावाच्या टोकाला. बारा वर्षांचा मुलगा. हातपाय ताठ, मान स्थिर राहत नाही, बोलतो पण शब्द ओढत ओढत येतो. दारात दात्यांनी दिलेली चाकाची खुर्ची उभी होती आणि तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. खुर्ची घराच्या दारातून आत जात नाही आणि गल्लीतल्या खडीवरून चालत नाही. ती देताना मोठा समारंभ झाला होता, छायाचित्रे निघाली होती. नावे कशाला घ्यावी? तसल्या समारंभांत आम्हीही हार घालून घेतले आहेत.

मुलगा आतल्या खोलीत होता. आम्ही म्हणालो, "माउली, याला काल्याला का आणलं नाही?" आई गप्प राहिली. आजी बोलली. ती म्हणाली, "म्हाराज, आदी आनत हुतो. याचा आजा खांद्यावर बसवून आनायचा. चार वर्सामागं तुमी काल्यात पेंद्याचं सोंग केलं. समदा मांडव हसला. दुसऱ्या दिसापास्नं पोरं याला पेंद्या म्हनाया लागली. तवापास्नं हा येत न्हाई."

वाचकहो, काल्याच्या कीर्तनातला पेंद्या तुम्हांस ठाऊक आहे. कृष्णाच्या गड्यांतला तो लंगडा, बोबडा, आणि देवाचा अतिशय लाडका. देव त्याच्या तोंडचा उष्टा घास काढून खातो, हाच त्या प्रसंगाचा गाभा. आणि आम्ही काय करीत आलो? जीभ टाळ्याला लावून बोबडे बोलायचे, एक पाय वाकडा टाकायचा, मांडव हसवायचा. चाळीस वर्षे केले. आमच्या गुरूंनी केले, म्हणून आम्ही केले. प्रसंगाचा अर्थ देवाच्या प्रेमाचा आणि हशा मात्र पेंद्याच्या जिभेचा, ही विसंगती आमच्या कधी ध्यानात आली नाही. ज्या मुलाला आपल्यासारखाच एक गडी देवाजवळ बसलेला दिसायला हवा होता, त्याला आम्ही त्याच्याच वाकड्या पायांचे सोंग दाखविले.

नाथमहाराजांनी आंधळा, पांगळा, बहिरा, मुका यांवर भारुडे रचली. त्यांत बोल आहे तो हरिकथेला बहिरा झालेल्या धडधाकट माणसाला. ते रूपक आहे. परंतु रूपक ऐकणाऱ्यांत खरोखरचा बहिरा कोणी असला, त्याची आई असली, तर तिला काय ऐकू येते? हा विचार गादीवर उभे राहणाऱ्याने केला पाहिजे. गीतापाठाआधी म्हणावयाच्या मंगलश्लोकांत मुक्याचा आणि पांगळ्याचा उल्लेख आहे. तो आम्ही हजारदा म्हटला असेल. समोर पांगळे मूल बसले असता तो श्लोक म्हणणे किती अवघड आहे, हे आम्हांस आता कळले.

आता कर्माचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण त्या आईच्या गप्प राहण्यात तोही होता. गावात तिला अनेकांनी सांगितले आहे की हे पूर्वजन्मीचे भोग. आम्हीही गादीवरून अशा अर्थाचे बोललो आहोत. घरी परतल्यावर आमच्या पाठशाळेतल्या एका जुन्या स्नेह्यांशी हे बोलणे निघाले. शास्त्रीबोवा आमच्याहून चार वर्षांनी वडील आणि न्यायशास्त्रात आमच्याहून पुष्कळ पुढे. ते म्हणाले, "कर्मसिद्धांत सोडलात तर मग उरले काय?" आम्ही म्हणालो, सोडत नाही. पण तुम्हीच आम्हांस तर्कसंग्रह शिकवलात. अनुमानाला व्याप्ती लागते. धूर आणि अग्नी एकत्र पाहिले, पुनःपुन्हा पाहिले, म्हणून डोंगरावरच्या धुरावरून अग्नी सांगता येतो. अमुक पाप आणि हा ताठलेला पाय यांचे साहचर्य कोणी, कोठे पाहिले? शास्त्र इतके सांगते की कर्माला फळ आहे. या पोराचे हे दुखणे कोणत्या कर्माचे फळ, हे शास्त्राने कोणाच्या कानात सांगितलेले नाही. ते सांगायला सर्वज्ञ हवा. जे दिसते ते इतकेच की मूल जन्मताच रडले नाही, आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला म्हणजे असे होऊ शकते, असे डॉक्टर म्हणतात. आईला रात्री जीपमधून लांबच्या दवाखान्यात न्यावे लागले होते. मग या जन्मीचे, डोळ्यांसमोरचे कारण सोडून मागच्या जन्मीचे शोधायला का जावे?

शास्त्रीबोवा थोडा वेळ थांबून म्हणाले, "सिद्धांत स्वतःला लावण्यासाठी आहे, दुसऱ्याला मोजण्यासाठी नव्हे, असं तुम्हाला म्हणायचंय." होय, तेच. आपले दुःख सोसताना कर्म म्हणावे, त्याने धीर येतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून कर्म म्हटले की आपले पाय जागच्या जागी बसतात. आणि हट्टच असेल तर असेही म्हणता येईल की ते मूल आपल्या गावात जन्मास आले, हे आपलेही कर्मच. त्याचे फळ आपण कसे भोगतो तेवढे पाहावे.

आता समितीचा मूळ प्रश्न, पुण्य कशात अधिक?

शास्त्रकार दानाचे लक्षण सांगतात: वस्तूवरचे आपले स्वामित्व सोडणे आणि दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्न करणे. पहिली अट अशी की ती वस्तू आधी आपली असली पाहिजे. दुसऱ्याची वस्तू त्याला दिली तर ते दान होत नाही, ती ठेव परत करणे होते. आता पाहा. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. २०१२ साली त्यात दुरुस्ती होऊन अपंग मुलांचा हक्क स्पष्ट झाला, आणि ज्याचे अपंगत्व तीव्र आहे त्याला घरी शिकण्याचीही मुभा मिळाली. २०१६ च्या कायद्याने ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी वयाची मर्यादा अठरापर्यंत नेली. म्हणजे जे शिकवणे आपण या तीन मुलांना 'दान' म्हणून देऊ पाहतो ते कायद्याने आधीच त्यांचे आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि फेडीच्या आशेने दिलेले ते राजस, हे आपण सर्व जाणतो. पण येथे त्याही आधीचा प्रश्न आहे: ज्याचे त्याला देताना आपण दाते कसे?

तुम्ही म्हणाल, मग सरकार पाहून घेईल, आपण कळस बसवावा. तसेही नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंग माणसांची संख्या दोन कोटी अडुसष्ट लाख निघाली आणि त्यांतली एक कोटी शहाऐंशी लाख खेड्यांत राहणारी. हक्क राजपत्रात आला. राजपत्रातून निघून या गल्लीतल्या खडीवरून त्या आतल्या खोलीपर्यंत तो अजून चालत यायचा आहे. बाई एकट्या, गावे अनेक, आणि एस.टी. दिवसातून दोनदा. त्या मधल्या अंतरात जे लागते ते देण्याची जागा आपली आहे: यंत्राचे सेल, तालुक्याला नेण्याआणण्याचे भाडे, आणि बाई नसतात त्या सहा दिवसांत रोज अर्धा तास बसणारा कोणी. आईला शेतावर जायचे असते तेव्हा पोराजवळ कोण, हेही त्यातच आले. नावांचे म्हणाल तर पुष्कळ बदलली. आमच्या लहानपणी पांगळा, वेडा म्हणत. मग अपंग, मतिमंद आले. २०१५ नंतर दिव्यांग हा शब्द सरकारदरबारी रूढ झाला. तो त्या वर्गातल्याच काहींना रुचला नाही, आमचे म्हणणे तुमच्याआमच्यासारखेच शिकण्याचे आहे, दिव्यत्वाचे नाही, असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. विदर्भातले गुलाबराव महाराज तान्हेपणी दृष्टी गेलेली असता इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन केवढे पंडित झाले! १९१५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला आणि मागे शंभरावर ग्रंथ राहिले. त्यांचे नाव आम्ही आदराने घेतो. परंतु प्रत्येक अंध मुलाने प्रज्ञाचक्षू व्हावे तेव्हाच आम्ही त्याला शाळेत घालू, असा पण कशाला? डोळस मुलांच्या बाबतीत आपण असा पण घालतो का?

हाच आक्षेप समितीतल्या एका गृहस्थांनी निराळ्या शब्दांत घेतला होता. ते वाईट मनाचे नाहीत. म्हणाले, "महाराज, खर्च करायला ना नाही. पण त्या तिसऱ्याच्या शिकण्याचा उपयोग काय? तो काय मामलेदार होणारे?" याला उत्तर म्हणून आम्ही बाईंचे काम पाहिले तेवढेच सांगतो. तो मुलगा स्वतःच्या हाताने पाणी पिण्यास शिकत आहे. पेला धरणे, उचलणे, ओठाशी आणणे, पिणे, खाली ठेवणे, असे त्या एका पाणी पिण्याचे बाईंनी पाच भाग पाडले. पहिले चार भाग त्या स्वतःचा हात त्याच्या हातावर ठेवून करवीत आणि शेवटचा, पेला खाली ठेवण्याचा, तेवढा त्याच्यावर सोडीत. का, असे विचारता म्हणाल्या, "महाराज, शेवट त्याच्या हातून झाला की काम त्याचं होतं. मग मागं मागं यायचं." तो जमल्यावर शेवटचे दोन. असे सव्वा वर्ष चालले आहे. आता तो पेला स्वतः ओठाशी नेतो; अर्धे पाणी अंगावर सांडते. आम्ही पाहत असताना त्याने ते केले, आणि आमच्याकडे पाहून हसला.

आम्ही सगळ्या जगाला सांगत फिरतो की फळावर दृष्टी ठेवू नका, कर्म करा. आणि याच एका पोराच्या बाबतीत पहिला प्रश्न फळाचा! सव्वा वर्ष एकाच पेल्यावर हात ठेवून बसणाऱ्या त्या बाईंना निष्काम कर्माचे निरूपण करायला आम्ही कोण?

गाडगे महाराजांनी जी दहा कामे सांगितली त्यांत अंध-पंगूंना औषधोपचार हे एक आणि गरिबांच्या मुलांना शिक्षण हे दुसरे. दोन्ही वेगवेगळी. त्या काळी तेवढे होणे हीच मोठी गोष्ट होती. आज ती दोन कामे एकाच घरी एकत्र करायची आहेत, इतकाच फरक.

आता लऊळ. त्या गावाहून ते फार दूर नाही, त्याच तालुक्यात आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांनी तेथे डोके टेकले असेल. पैठणच्या कूर्मदासाला हातपाय नव्हते. कार्तिकीला पंढरीस जाण्याचा ध्यास घेऊन तो पोटावर सरपटत निघाला. लऊळपर्यंत आला आणि एकादशी येऊन ठेपली. पुढे जाणे होईना. त्याने जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ देवाला निरोप पाठविला, आणि देव लऊळास आला. ही कथा आम्ही भक्तीचा महिमा म्हणून सांगत आलो, ती तशी आहेच. पण त्या घरून परतताना तिच्यातल्या दोन गोष्टी आम्हांस नव्याने दिसल्या. आम्ही गुरुमुखातून ऐकलेल्या कथेत देवाने कूर्मदासाला हातपाय दिल्याचे येत नाही. देवाने त्याला बदलले नाही; देव स्वतःची जागा सोडून आला. युगे लोटली तरी विटेवरून न हललेला देव एका सरपटणाऱ्या माणसासाठी हलला. दुसरी गोष्ट त्या निरोप नेणाऱ्यांची. त्यांना एकादशीची घाई होती. ते "बरं बरं" म्हणून पुढे गेले असते आणि दर्शनाच्या गर्दीत निरोप विसरले असते, तर? त्यांची नावे कथेत नाहीत. वाटेत कूर्मदासाला ज्यांनी भाकर भरविली, पाणी पाजले, त्यांचीही नाहीत.

मात्र बाईंनी येथे आम्हांस एक टाचणी लावली, तीही सांगतो. घरी जाऊन शिकवण्याची कायद्यात मुभा आहे, पण काही ठिकाणी तिचाच आडोसा होतो; पोर घरीच बरे, शाळेत नको, देवळात नको. त्या म्हणाल्या, "मी घरी जाते ती त्याला बाहेर आणण्यासाठी." म्हणून आम्ही समितीला असे लिहिले की कळसाला आमचा विरोध नाही, पण देवळाच्या पाच पायऱ्यांना एका बाजूने उतार बांधल्यावाचून कळस चढवू नये. उरलेले पैसे सेल, भाडे आणि रोजचा अर्धा तास यांसाठी वर्षभर पुरवावे. पावती कोणाच्या नावाने फाडू नये, समारंभ करू नये. पुण्य किती, हे आम्हांस मोजता येत नाही, तेव्हा त्याबद्दल काही लिहिले नाही.

समितीत एकमत झालेले नाही. उतार बांधून झाला आहे असे कळते. हरिपाठ पाठ असलेल्या त्या मुलाला मोठ्या मुलांपैकी एक जण रोज संध्याकाळी पोथी वाचून दाखवितो आणि तो बोटाने ओळ धरतो. मुलीच्या यंत्राला सेल आले. कळसाच्या बाजूच्या दोघांनी पुढच्या वर्षी वर्गणी देणार नाही असे सांगितले आहे. त्यांची समजूत घालण्याचे काम आमच्याकडे आहे आणि ते अजून झालेले नाही.

मध्यंतरी बार्शीकडे एका काल्यात पेंद्याचा प्रसंग आला. आम्ही तो सरळ बोलीत सांगितला. नेहमी जेथे हशा येतो तेथे मांडव शांत राहिला, मृदंगाचार्यांनी वर पाहिले, आणि पुढचे वाक्य सुचायला आम्हांस थोडा वेळ लागला. चाळीस वर्षांची सवय आहे.

गेल्या आठवड्यात त्या आजीबाईंचा बाईंबरोबर निरोप आला: येत्या काल्याला नातवाला आणू का, ते म्हाराजांना इचारा. जरूर आणावे, आणि पुढे टाळकऱ्यांजवळ बसवावे, असे आम्ही कळविले आहे.